प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्यानं लाकडी पॅटर्न मोजायचा कसा: उद्यमबागच्या शेडमधून

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या भागात फाउंड्रीत ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं असणार. पॅटर्न शॉपच्या माळ्यावर वीस-पंचवीस वर्षांचे सागवानी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा काढतात ते लाकडी नमुने, पडलेत, ज्या मिस्त्रींनी केले ते आता नाहीत, ड्रॉइंग कधी कागदावर आलंच नव्हतं, आणि एक दिवस जुनं गिऱ्हाईक फोन करून सांगतं की तेच पंप केसिंग परत पाहिजे, यावेळी सीएनसीवर पॅटर्न करा. व्हर्निअर आणि हाइट गेजनं बाहेरची मापं मिळतात, पण पंपाचा तो गोगलगायीसारखा वळत जाणारा पोटाचा भाग कुठून धरून मोजणार? रेडिअस गेज लावून लावून आम्ही दोन दिवस घालवले होते आणि तरी टेम्प्लेट बसत नव्हतं.

बाहेरून स्कॅन करून आणायला पैसे पडतात आणि पडू देत, एखाद्या कामाला ते परवडतंच. पण महिन्याला चार-पाच पॅटर्न असतील तर एक ऑफिसमधला प्रोजेक्टर, एक डीएसएलआर आणि फुकटचं सॉफ्टवेअर यावर बरंच काम होतं. मी गेली काही वर्षं हे करतोय. कसं करायचं ते सगळं सांगतो, आणि कुठं फसायला होतं ते जास्त सांगतो, कारण रंगीत थ्रीडी मॉडेल स्क्रीनवर फिरायला लागलं की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, आणि माप मात्र चुकलेलं असू शकतं.

आधी तत्त्व समजून घ्या

सकाळी खिडकीच्या गजांची सावली फरशीवर सरळ पडते. तिथंच तांदळाचं पोतं ठेवा, सावली पोत्यावर चढताना वाकते. किती वाकली त्यावरून पोतं किती उंच ते काढता येतं, फक्त ऊन कुठल्या कोनातून येतंय आणि तुम्ही कुठून बघताय हे माहीत पाहिजे. एवढंच आहे सगळं. उन्हाच्या जागी प्रोजेक्टर, गजांच्या जागी आपण पाडलेले पट्टे, डोळ्याच्या जागी कॅमेरा. प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा असं समजायचं. कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण बाहेर जातो आणि प्रोजेक्टरच्या प्रत्येक उभ्या ओळीतून प्रकाशाचा एक पातळ पडदा, तो किरण त्या पडद्याला जिथं छेदतो तो तुमचा बिंदू. म्हणजे प्रश्न एकच उरतो, कॅमेऱ्याच्या या पिक्सेलला दिसणारा उजेड प्रोजेक्टरच्या कितव्या ओळीतून आलाय?

हे नवीन नाही. २०१० साली आलेल्या एक्सबॉक्सच्या कायनेक्ट कॅमेऱ्यात इन्फ्रारेड ठिपके टाकून हेच चालायचं, आयफोनचं चेहरा ओळखणंही ठिपक्यांवरच चालतं. आपण ठिपक्यांऐवजी पट्टे टाकतो कारण आपली वस्तू हलत नाही, एकामागून एक सतरा फोटो काढायला आपल्याकडं वेळ आहे, आणि त्यातून अचूकता खूप वाढते.

मांडणी

प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोन्ही एकाच जाड अॅल्युमिनिअम सेक्शनवर बोल्टनं आवळून बसवा. दोन वेगळ्या ट्रायपॉडवर ठेवलं की कुणाचा तरी पाय लागणारच आणि कॅलिब्रेशन, म्हणजे दोघं एकमेकांपासून कुठं आणि कसे आहेत याचं बसवलेलं गणित, गेलं. दोघांत अंतर किती ठेवायचं ते वस्तू किती दूर ठेवलीय त्यावर आहे, साधारण २० ते ३० अंशांचा कोन झाला पाहिजे. अंतर कमी ठेवलं तर खोलीचं माप ढिलं पडतं, जास्त ठेवलं तर खोल जागेत एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही आणि मॉडेलला भोकं पडतात.

हिशोब करून बघा. वस्तू ६०० मिमीवर, कॅमेरा-प्रोजेक्टर अंतर २०० मिमी, लेन्सची फोकल लांबी पिक्सेलमध्ये ४,०००. पट्टा ओळखण्यात ०.१ पिक्सेलची चूक झाली तर खोलीतली चूक म्हणजे ६०० चा वर्ग भागिले (४,००० गुणिले २००), गुणिले ०.१, म्हणजे ०.०४५ मिमी. वस्तूचं अंतर वर्गात आहे हे ध्यानात ठेवा, तीच वस्तू १,२०० मिमीवर नेली की चूक चौपट. म्हणून मोठा पॅटर्न एका झटक्यात बसवायला लांब जायचं नाही, जवळून तुकडे घ्यायचे.

कॅमेरा प्रोजेक्टरच्या बाजूला असेल तर उभे पट्टे टाकायचे, वर असेल तर आडवे. उलटं केलं तर पट्टे वाकलेले दिसणारच नाहीत. साधी गोष्ट आहे पण पहिल्यांदा करणारा हमखास इथं अडकतो.

सेटिंग, म्हणजे सगळं ऑटो बंद

प्रोजेक्टरवर कीस्टोन शून्य करा. ऑटो कीस्टोन असेल तर मेनूत जाऊन बंदच करा, कारण कीस्टोन चित्र वाकवून परत पिक्सेलवर बसवतो आणि आपला प्रत्येक पट्टा थोडा थोडा सरकतो. लॅपटॉपवरून प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्युशनलाच चित्र जाऊ द्या, माझ्याकडं १,२८० बाय ८०० चा आहे. डायनॅमिक, व्हिव्हिड, इको असले मोड बंद. आणि चालू करून अर्धा तास तसाच सोडा, गरम होताना लेन्स आणि बॉडी हलते, ती हालचाल डोळ्याला दिसत नाही पण मापात येते.

कॅमेरा पूर्ण मॅन्युअल. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, व्हाइट बॅलन्स फिक्स, ऑटोफोकस बंद, लेन्समधलं स्टॅबिलायझेशनसुद्धा बंद. झूम लेन्स असेल तर फोकस रिंग आणि झूम रिंग दोन्हीवर इलेक्ट्रिकची टेप मारा. माझा सगळ्यात महागडा घोळ इथंच झालेला, कॅलिब्रेशन झाल्यावर लेन्स पुसताना झूम रिंग केसभर फिरली आणि पूर्ण पॅटर्न ३१० मिमीत जवळपास ०.८ मिमी मोठा आला, मॉडेल दिसायला मात्र एकदम सुंदर. मोबाइलनं करायचा विचार असेल तर त्याचा फोकस आणि स्टॅबिलायझेशन खरंच लॉक होतंय का ते आधी बघा, बऱ्याच फोनमध्ये होत नाही.

शटरबद्दल नीट वाचा. डीएलपी प्रोजेक्टरच्या आत बारीक आरसे असतात, लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९८७ साली शोधलेले, आणि ते करड्या रंगाची छटा भराभर चालू-बंद होऊन दाखवतात. म्हणजे एका फ्रेमचा अर्धाच भाग टिपला तर छटा चुकीची येणार. प्रोजेक्टर सेकंदाला ६० फ्रेम देत असेल तर शटर १/६०, १/३०, १/१५ असं ठेवा, मी तर १/४ वरच ठेवतो. १/५० किंवा १/१०० ठेवलं की फोटोत पट्ट्यांवर आणखी पट्टे येतात. शेडचे ट्यूबलाइट बंद करा, शेडच्या दाराचं शटर अर्धं ओढा. आणि पट्ट्यांचं चित्र प्रोजेक्टरला पाठवल्या पाठवल्या फोटो मारू नका, अर्धा सेकंद थांबा, नाहीतर आधीचंच चित्र टिपलं जातं.

एक्स्पोजर असं लावा की पूर्ण पांढरं चित्र टाकल्यावर फोटोतल्या सगळ्यात उजळ जागेचा उजेडाचा आकडा २५५ पैकी २३० च्या आत राहील. एकदा पांढरं फुटलं की तिथली माहिती गेली.

पट्टे कुठले टाकायचे

दोन प्रकार मिळून टाकायचे. पहिला ग्रे कोड, काळे-पांढरे पट्टे, आधी जाड मग बारीक होत जाणारे. प्रत्येक फोटोत पिक्सेल काळा की पांढरा हे लिहीत गेलं की त्या जागेचा नंबर तयार होतो. साधा बायनरी नंबर वापरत नाहीत कारण त्यात शेजारच्या दोन पट्ट्यांत एकाच वेळी तीन-चार आकडे बदलू शकतात आणि कडेवरचा पिक्सेल भलत्याच ठिकाणी जातो. फ्रँक ग्रे यांनी बेल लॅब्जमध्ये काढलेल्या कोडमध्ये, पेटंट १९५३ चं, शेजाऱ्यात एकच आकडा बदलतो. चूक झालीच तर एका घराची.

पण नुसत्या ग्रे कोडनं एका पट्ट्याच्या आत कुठं आहोत ते कळत नाही, म्हणून दुसरा प्रकार, फेज शिफ्ट. यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू चढणारी-उतरणारी साइन लाट टाकतात आणि प्रत्येक फोटोला थोडी सरकवतात. प्रत्येक पिक्सेलला तीन गोष्टी माहीत नसतात, बाहेरचा उजेड किती, लाट किती ठळक आणि आपण लाटेच्या कुठल्या टप्प्यावर, म्हणून कमीत कमी तीन फोटो लागतात. चार फोटोंचं, ९०-९० अंशांनी सरकवलेल्यांचं, गणित तोंडी सांगता येतं, चौथ्यातून दुसरा वजा, पहिल्यातून तिसरा वजा, पहिलं उत्तर भागिले दुसरं, त्याचा आर्कटॅन, पण दोन्ही उत्तरांची चिन्हं धरणारा, म्हणजे atan2. उत्तर मायनस १८० ते प्लस १८० मध्ये येतं, म्हणजे लाटेतली जागा कळली पण कितवी लाट ते नाही, तो नंबर ग्रे कोड देतो. दोन्ही जोडले की पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत जाता येतं.

मी फेजचे आठ फोटो घेतो, त्याला कारण आहे. प्रोजेक्टरचा गॅमा सरळ नसतो, तुम्ही निम्मा उजेड मागता तो निम्मा देत नाही, त्यामुळं साइन लाट फुगते आणि सपाट पृष्ठभागावर बारीक लहरी दिसतात, उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या छपरासारख्या. फोटो जितके जास्त तितकी ही चूक आपोआप कटते, तीनपेक्षा चार बरे, चारपेक्षा आठ फार बरे. प्रोजेक्टर थोडा आउट ऑफ फोकस केला तरी फायदा होतो, पण कॅलिब्रेशनच्या आधी करा, नंतर रिंगला हात नाही.

माझा हिशोब असा. १,२८० ओळी, ३२ ओळींची एक लाट, म्हणजे ४० लाटा. ४० ओळखायला ग्रे कोडचे ६ फोटो, कारण सहा आकड्यांत ६४ नंबर बसतात. एक जादा ग्रे पॅटर्न अर्धी लाट सरकलेला, फेज आठ, एक पूर्ण पांढरा, एक पूर्ण काळा. झाले १७. तो जादा पॅटर्न का, तर ग्रे कोडची कड आणि लाट जिथं संपते ती जागा एकच येते, तिथं एका पिक्सेलची गडबड झाली तरी बिंदू पूर्ण एका लाटेएवढा उडतो आणि मॉडेलवर काटे उभे राहतात. सरकलेला पॅटर्न असला की अशा जागी त्याचा नंबर घ्यायचा, काटे जातात.

पट्ट्यांची चित्रं तयार करायला आणि फोटो वाचायला पायथन आणि ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी फुकटची लायब्ररी पुरते, ग्रे कोडचं तयार मॉड्यूल त्याच्या जादा पॅकेजमध्ये आहे. फेजचं गणित वीस ओळींचं आहे, स्वतः लिहा, म्हणजे चुकलं कुठं ते कळतं.

कॅलिब्रेशन, इथं घाई नको

बुद्धिबळाच्या पटासारखा बोर्ड लागतो. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणला तर तो छापताना स्केल झालेला असतो हे धरूनच चाला, दहा घरांचं अंतर व्हर्निअरनं मोजा, २५० ऐवजी २४९.२ भरलं तर सॉफ्टवेअरमध्ये घर २४.९२ मिमी टाका. तुमच्या सगळ्या मापांची लांबी या एका आकड्यावर उभी आहे. प्रिंट सनबोर्डवर चिकटवू नका, आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने हवा ओली, बोर्ड पापडासारखा वाकतो. मी ६ मिमीच्या काचेवर चिकटवलाय. आणि काळी घरं गडद काळी नकोत, फिकट करडी छापा, कारण याच बोर्डावर पट्टे पण टाकायचेत आणि काळ्यावर ते दिसत नाहीत.

बोर्ड १५ ते २० वेगवेगळ्या स्थितीत धरा, डावीकडं, उजवीकडं, जवळ, लांब, ३० अंशांपर्यंत कललेला, जेवढ्या जागेत वस्तू ठेवणार ती सगळी जागा भरली पाहिजे. प्रत्येक स्थितीत उभे आणि आडवे दोन्ही पट्टे टाकून फोटो घ्या. बोर्ड हातात धरू नका, टेकवून ठेवा. कॅमेऱ्याचं गणित झेंगयू झांग यांच्या पद्धतीनं होतं, २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ती ओपनसीव्हीत आहेच. प्रोजेक्टरचं थोडं युक्तीनं करायचं. प्रोजेक्टरला दिसत नाही, पण बोर्डाच्या प्रत्येक कोपऱ्यावर प्रोजेक्टरचा कुठला पिक्सेल पडलाय हे पट्ट्यांवरून कळतं, म्हणजे प्रोजेक्टरनं बोर्ड बघितल्यासारखंच झालं, मग त्यालाही कॅमेऱ्याचंच गणित लावायचं.

शेवटी सॉफ्टवेअर एक एरर दाखवेल, रीप्रोजेक्शनचा, म्हणजे गणितानं काढलेले बोर्डाचे कोपरे फोटोतल्या कोपऱ्यांपासून किती सरकलेत तो. ०.३ पिक्सेलच्या खाली आला तर बरं. पण तो कमी आला म्हणजे माप बरोबर असं नाही, तो फक्त सांगतो की तुमचे फोटो आपापसात जुळतात. घराचं माप चुकीचं टाकलं असेल तरी तो सुंदरच येणार.

खरी परीक्षा

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक पॅटर्नवाले काका आहेत, चाळीस वर्षं हातानं पॅटर्न केलेले. मी पहिलं मॉडेल मोठ्या आनंदानं दाखवलं तर ते बघत राहिले आणि म्हणाले, ‘पोरा, छान दिसतंय, पण आधी ज्याचं माप तुला माहीत आहे ते मोजून दाखव की.’ त्या दिवसापासून मी प्रत्येक कामाच्या आधी हेच करतो.

बेअरिंगच्या दुकानातून २५.४ मिमीचे दोन गोळे आणा, एका जाड पट्टीच्या दोन टोकांना चिकटवा. बाहेरून बाहेरपर्यंत व्हर्निअरनं मोजा, त्यातून एका गोळ्याचा व्यास वजा करा, ते झालं केंद्रापासून केंद्राचं अंतर. आता गोळे स्कॅन करा, क्लाउडकंपेअर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीवर गोल बसवा, केंद्रांचं अंतर बघा. पट्टी आडवी, उभी, तिरकी, जवळ, लांब अशी सात-आठ ठिकाणी ठेवून बघा. सगळीकडं सारखंच चुकत असेल तर स्केल चुकलंय, बोर्डाचं माप परत तपासा. जागेप्रमाणं बदलत असेल तर कॅलिब्रेशनमध्ये ती जागा भरली नव्हती. नंतर मिलिंग केलेली एखादी सपाट प्लेट स्कॅन करून त्यावर प्लेन बसवा, लहरी दिसल्या तर गॅमा, वाटीसारखी दिसली तर लेन्सचं डिस्टॉर्शन. त्या प्लेटवर १० मिमीची स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा पोलादी ठोकळा, ठेवून पायरी मोजा. माझा सेटअप ३०० मिमीच्या जागेत साधारण ०.१ मिमीत बसतो, पॅटर्नच्या कामाला हे पुरतं, मशीनिंग केलेल्या बोअरला अजिबात नाही, तिथं बोअर गेजच.

वस्तूची तयारी

पांढरी, मॅट वस्तू सगळ्यात सोपी. सागवानी पॅटर्नवर बहुतेक लाल-काळा रंग आणि वर वार्निश असतं, ते चमकतं. कास्टिंगमधल्या भेगा शोधायच्या डीपी टेस्टचा पांढरा डेव्हलपर स्प्रे फाउंड्रीत असतोच, तोच वापरा, लांबून, एक पातळ हात. जाड थर बसला की तो थरच मोजला जातो. हवेशीर जागेत मारा आणि आधी कोपऱ्यात मारून बघा रंगाला काही होत नाही ना. नंतर सुक्या फडक्यानं निघतो.

लाकडाची एक गोष्ट स्कॅनर सांगणार नाही. पावसाळ्यात लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं, रेषेच्या दिशेनं जवळपास नाही. ऑगस्टमध्ये माळ्यावरून काढलेला पॅटर्न लगेच मोजला तर एका बाजूनं तो खरंच मोठा असतो. आठ-दहा दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग मोजा.

शेजारी नॉकआउट, म्हणजे साचे फोडून कास्टिंग काढणं, चालू असेल, दारातून लोड भरलेला ट्रक जात असेल तर फोटो हलतात. मी जेवणाच्या सुट्टीत नाहीतर साप्ताहिक सुट्टीला करतो. आणि प्रोजेक्टर, लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर, कारण बाराव्या फोटोला लाइट गेली की पहिल्यापासून.

स्कॅन आणि जोडणी

एका बाजूनं सतरा फोटो, मग वस्तू फिरवायची, परत सतरा. पॅटर्नला साधारण दहा-बारा बाजू लागतात. प्रत्येक बाजू आधीच्या बाजूवर निदान एक तृतीयांश चढली पाहिजे. आजूबाजूला चार-पाच ओबडधोबड लाकडाचे ठोकळे चिकटवून ठेवा, सपाट पॅटर्नवर सॉफ्टवेअरला धरायला काही मिळत नाही, घसरतं. जोडणी क्लाउडकंपेअरमध्ये, आधी हातानं तीन-चार बिंदू देऊन आणि मग आयसीपीनं, म्हणजे जवळचे बिंदू आपोआप जुळवत जाणाऱ्या पद्धतीनं, बारीक. एकाला एक जोडत गोल फिरून आलात तर शेवटच्या आणि पहिल्या बाजूत फट दिसते, बारीक बारीक चुका साठलेल्या असतात. अशावेळी सगळ्या बाजू एकदम जुळवणारी ग्लोबल जोडणी मेशलॅबमध्ये आहे ती वापरा.

जिथं लाट ठळक दिसत नाही ते पिक्सेल सुरुवातीलाच टाकून द्या, भोक पडू दे. भोक दिसतं, चुकीचा बिंदू दिसत नाही. खोल आतल्या कोपऱ्यात उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडतो आणि कोपरा आहे त्यापेक्षा गोल येतो, म्हणून फिलेटचा, म्हणजे आतल्या कोपऱ्याच्या गोलाईचा, रेडिअस मी आजही रेडिअस गेजनंच ताडतो.

आणि सीएडी करताना एक गोष्ट फाउंड्रीबाहेरचा माणूस हमखास चुकतो. धातू थंड होताना आकसतो (श्रिंकेज), म्हणून पॅटर्न आधीच मोठा असतो. ग्रे आयर्नसाठी साधारण १ टक्का, म्हणजे ३०० मिमीच्या कास्टिंगला पॅटर्न ३०३. डिझाइनवाल्यानं या मॉडेलवर परत १ टक्का श्रिंकेज घातला की कास्टिंग तीन मिलीमीटरनं मोठं. एका कामात असं होता होता वाचलं, मोल्ड भरायच्या आधी काकांनी श्रिंक स्केल, म्हणजे आकसणं धरून वाढवलेली पट्टी, लावून बघितलं म्हणून. तेव्हा फाइलच्या नावातच लिहा, पॅटर्न स्कॅन, श्रिंकेज धरलेला आहे. ड्राफ्ट (साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून दिलेला उतार) आणि मशीनिंग अलाउन्स (नंतर कापायला ठेवलेला जादा धातू) यांचंही तसंच.

दगडावर करायचं असेल तर

खानापूर तालुक्यात, हलशी-देगावकडं गेलात की देवळं आहेत, वाटेत गावांच्या कडेला वीरगळ आहेत, पावसानं दरवर्षी थोडे थोडे झिजणारे. मला हे काम पॅटर्नपेक्षा जास्त जवळचं वाटतं. दगड मॅट असतो, स्प्रे लागत नाही, आणि कधीच मारायचाही नाही, दगडाच्या छिद्रात बसलेलं निघत नाही. फक्त अंधार पाहिजे, दिवसा उन्हात प्रोजेक्टरचा उजेड दिसतच नाही, म्हणून सूर्य मावळल्यावर. इन्व्हर्टर, ताडपत्री, आणि कॅलिब्रेशन बोर्ड बरोबर न्या, कारण जीपमधून जाताना सेटअप हलतोच, तिथं पोचल्यावर परत कॅलिब्रेशन करा. गावातल्या जाणत्यांना आधी विचारा, संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. नंतर स्क्रीनवर स्कॅनच्या मॉडेलवर तिरका उजेड टाकून बघा, डोळ्यांनी न दिसणारी अक्षरं कधी कधी वर येतात.

कच्चे फोटो कधी डिलीट करू नका, दगडाचे असोत की पॅटर्नचे. त्याच फोल्डरमध्ये कॅलिब्रेशनची फाइल, तारीख, आणि त्या दिवशी गोळ्यांचं अंतर किती आलं तो आकडा ठेवा.